हिवाळी पाहुणे, मुक्काम सायकमोर

एलिसेओ ब्राकामोन्ते यांनी सांता ब्रिहिदा गावात चौतीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्या चौतीस वर्षांत 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून एकही पत्र परत पाठवलं नाही. एकदा तर पाकिटावर नुसतं 'लंगड्या बकरीवाल्या मावशीस' एवढंच लिहिलेलं होतं. गावात लंगड्या बकऱ्या तीन होत्या आणि मावश्यांची तर गणतीच नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी पत्र बरोबर मावशीच्या हातात पडलं. निवृत्त होताना खात्यानं त्यांना एक पितळी पाटी दिली. तिच्यावर कोरलं होतं, 'एकही पत्र परत नाही'. ही पाटी एलिसेओंनी दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीच्या चार बोटं वर लावली. ओफेलियाबाईंनी ती चार बोटं खाली आणली. त्यांच्या संसारातला धर्मावरून झालेला वाद म्हणावा तो एवढाच.

अशा माणसानं निवृत्तीनंतर अंगणात खुर्ची टाकून बसावं आणि नव्या पोस्टमनच्या चुका काढाव्यात. एलिसेओ तेच करत होते. पण नोव्हेंबरात टपाल कार्यालयाच्या फळ्यावर जिल्हा कार्यालयाची नोटीस लागली. गारांबुयो दरीच्या तोंडाशी असलेली सपाट जागा साफ करून तिथं मोटारींसाठी तळ करण्याचं योजलं आहे. कोणाला काही हरकत किंवा माहिती द्यायची असेल तर ती एकतीस जानेवारीपर्यंत द्यावी.

'साफ करून' हे शब्द एलिसेओंनी तीनदा वाचले. त्या जागेत साफ करण्यासारखं होतं काय? एक म्हातारा, पांढऱ्या खोडाचा सायकमोर, त्याच्याभोवती मेस्कीटची झाडं, आणि मुळाशी पाझरणारा हातभर रुंदीचा झरा. टपालाचा फेरा तिथंच संपायचा. चौतीस वर्षं एलिसेओंनी दुपारचा बुरितो त्या झाडाखाली बसून खाल्ला होता. वडील गेले त्या दिवशी सगळं गाव सांत्वनाला घरी आलं आणि हे तिथं जाऊन बसले होते. त्या झाडावर त्यांचा जीव होता. हे त्यांनी ओफेलियालाही कधी सांगितलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं.

"मी हरकत नोंदवणार," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

"नोंदव," ओफेलिया म्हणाली. "पण टोपी घालून जा. टकलाला ऊन लागलं की तू भांडखोर होतोस."

जिल्हा कार्यालयाच्या खिडकीत मिसेस टँकर्सली बसत. बाई वाईट नव्हत्या. फक्त जगात जे आहे ते कुठल्या तरी रकान्यात बसतं आणि जे बसत नाही ते नाहीच, अशी त्यांची साधी श्रद्धा होती.

"हरकत आहे," एलिसेओ म्हणाले.

"कारण?"

"झाड चांगलं आहे."

"चांगलं हा रकाना नाही, मिस्टर ब्राकामोन्ते. निरीक्षण लागतं. तिथं कोण राहतं, कोण येतं, किती, कधी. आकडे आणा."

"पक्षी येतात की! खूप येतात."

"खूप हा आकडा नाही."

मग त्यांनी खाली वाकून कपाट धुंडाळलं. पशुपक्षी आणि वनस्पतींचा नमुना दोन वर्षांपूर्वीच संपला होता. "हा घ्या," त्या एक गुलाबी कागद सरकवत म्हणाल्या, "स्थळवापराचा नमुना. रकाने काय हो, सगळीकडे तेच असतात. फक्त कोरा ठेवू नका, म्हणजे झालं."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. सरकारी कामात सुरुवातीला सगळं सुरळीत असलं की शहाण्या माणसानं घाबरावं. पण एलिसेओ स्वतः सरकारी खात्यातले. त्यांना उलट धीर आला.

आता पक्षी मोजायचे म्हणजे पक्षी ओळखता आले पाहिजेत. एलिसेओंना माणसं पाठमोरी ओळखता येत, कुत्री भुंकण्यावरून ओळखता येत, पक्षी मात्र त्यांच्या लेखी दोनच प्रकारचे होते: कोंबडी आणि इतर. म्हणून ते ओळखीच्या गुंडर हॅल्व्हर्सनकडे गेले. नाव गुंडर असलं तरी माणूस गरीब गाय. मिनेसोटाचा, तिकडे बर्फ पडायला लागलं की आपलं चाकांवरचं घर मोटारीला जोडून इकडे यायचा आणि एप्रिलात परत जायचा. असे शेदोनशे म्हातारे-म्हाताऱ्या दर वर्षी गावाबाहेरच्या तळावर येत. गावात त्यांना 'हिवाळी पाहुणे' म्हणत. किराणावाला प्रेमानं म्हणे, आणि त्यांच्यामागे साठीच्या वेगानं जायचं असताना विसाच्या वेगानं जावं लागणारे दात-ओठ खात म्हणत.

आठ वर्षांपूर्वी जिल्ह्यानं त्या तळाची जागा बदलायचा घाट घातला होता. तेव्हा गुंडरनं दोन हिवाळे कार्यालयाच्या पायऱ्यांवर घडीच्या खुर्चीत बसून काढले आणि शेवटी नियमच करून घेतला: हिवाळी पाहुण्याला त्याच्या जागेवरून हलवायचं असेल तर प्रत्येकाला वेगळं, नोंदणीकृत पत्र, नव्वद दिवस आधी, हातात पोचलं पाहिजे. हे कलम चौदा. नवी ओळख झाली की गुंडर आधी कलम चौदा सांगायचा आणि मग स्वतःचं नाव.

"पक्षी म्हणालास?" गुंडरचे डोळे चमकले. त्यानं दुर्बीण काढली, पुस्तक काढलं. "हे बघ, यात सगळ्या पक्ष्यांचे तीन वर्ग केलेत. कायम रहिवासी, हिवाळी पाहुणे आणि वाटसरू."

"अरे, मग सोपं आहे!" एलिसेओ म्हणाले. "टपालाची वाटणी आम्ही अशीच करतो."

घरी आल्यावर त्यांनी गुलाबी नमुना उलगडून पाहिला. त्यातही तेच: कायम रहिवासी किती, हिवाळी पाहुणे किती, वाटसरू किती. मिसेस टँकर्सली म्हणाल्या ते खोटं नव्हतं, रकाने सगळीकडे तेच असतात. एलिसेओंनी समाधानानं पेन्सिलीला टोक केलं.

बातमी गावात पसरायला अर्धा दिवस लागला आणि सल्ल्यांना त्याहून कमी. न्हावी म्हणाला, पक्षी बघायचे तर हिरवा सदरा हवा. खाटिक म्हणाला, वाळवंटात हिरवं काय असतं, मातकट हवा. पाद्रीबाबा म्हणाले, मनात सद्भाव हवा, सदरा कुठलाही चालेल. पण सगळ्यांवर कडी केली पलीकडच्या घरातल्या डोन्या चायो यांनी. डोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'बाई', आणि चायोबाई म्हणजे एकट्या दहा बायांच्या. वय ब्याऐंशी. दरीतलं प्रत्येक झुडूप त्यांना नावानं नाही तरी गुणानं माहीत होतं.

"डॉन एलिसेओ, झाडं तुम्हाला काय कळणार? तुम्हाला फक्त ज्याला पत्रपेटी खिळली आहे ते झाड ओळखता येतं. मी येते."

"डोन्या चायो, चढ आहे."

"चढ मला आहे की झाडांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ही मोहीम निघाली: एलिसेओ पुढे, गुंडर दुर्बिणीसह मध्ये, आणि काठी टेकत डोन्या चायो, मागून पण आवाजानं सगळ्यांच्या पुढे. दरीत ऊन अजून वरच्या कड्यांवरच होतं. सग्वारो निवडुंग उतारावर हात वर करून उभे होते. कुठूनतरी वरून एक इवलासा रेन पक्षी गायला. त्याचे सूर वरून सुरू होऊन पायऱ्यापायऱ्यांनी खाली घरंगळत आले आणि शेवटी थकल्यासारखे थांबले. एलिसेओ जागच्या जागी उभे राहिले. हा आवाज त्यांनी चौतीस वर्षं जेवताना ऐकला होता आणि तो कोणाचा, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना एकदम लाज वाटली. शेजाऱ्याचं नाव न विचारता त्याच्या ओसरीवर इतकी वर्षं जेवलो, असं वाटलं.

"लिही," गुंडर कुजबुजला. "कायम रहिवासी, एक."

मग नोंदींना ऊत आला. बांडगुळाची लाल फळं खाणारा काळा तुरेवाला: कायम. सग्वारोला ढोली पाडणारा सुतार: कायम, नवराबायको दोघं. तुरेवाल्या लाव्यांची ओळ: कायम, मोजताना भांडत होत्या. आणि सायकमोरखाली झऱ्याकाठी, जमीन उकरत दाणे टिपणाऱ्या, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे असलेल्या गुबगुबीत चिमण्यांचा एक अफाट जमाव.

"पांढऱ्या टोपीच्या चिमण्या," गुंडर म्हणाला. "माझ्याच बाजूनं येतात, रे. उत्तरेकडून. हिवाळी पाहुण्या."

मोजायला सुरुवात केली की एक चिमणी उडायची, तिच्यामागे सगळ्या उडायच्या, आणि परत बसताना मोजलेल्या आणि न मोजलेल्या यांची सरमिसळ व्हायची. गुंडरनं चार दिवस प्रयत्न करून हात टेकले. पाचव्या दिवशी एलिसेओंनी खात्याची रीत काढली. टपाल मोजताना पत्रं मोजत नाहीत, गठ्ठे मोजतात. दहाचा गठ्ठा नजरेत बसला की डोळे मिटूनही कळतो. त्यांनी गठ्ठ्यांनी चिमण्या मोजल्या: एकवीस गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनशे बारा. सलग तीन सकाळी दोनशे बारा आल्या तेव्हा गुंडरनं टोपी काढली.

टोपी काढून तो मागे सरकला आणि चोयावर बसला. चोया म्हणजे तो निवडुंग, ज्याचा तुकडा माणसाला हात लावायच्या आधीच चिकटतो. दरीत जाणारा प्रत्येक शहाणा माणूस त्यासाठी खिशात कंगवा ठेवतो. कंगव्यानं उचकटला की तुकडा उडतो. एलिसेओंच्या डोक्यावर केस नसताना खिशात कायम कंगवा असे, त्यावरून गावानं चौतीस वर्षं चेष्टा केली होती. आता त्याच कंगव्यानं त्यांनी मिनेसोटाची लाज राखली. डोन्या चायोंनी पाठ फिरवायला साफ नकार दिला. "माझ्या वयात करमणूक कमीच असते," त्या म्हणाल्या.

झाडांची यादी डोन्या चायोंनी सांगितली आणि एलिसेओंनी उतरवून घेतली. त्यामुळे तिच्यात शास्त्रीय नावं नव्हती. 'पोटदुखीवरचं, सात झुडपं. सांधेदुखीवरचं, अकरा. सासूला झोप लागावी म्हणून द्यायचं, एक. हे जपा.' प्रत्येक झाडाला एलिसेओंनी पत्र्याचा क्रमांक बांधला, एकूण सत्तावन्न. सायकमोर अर्थातच क्रमांक एक.

दुसऱ्या दिवशी सायकमोरवर क्रमांक नव्हता. त्या जागी चोयाचा एक तुकडा नीट ठेवलेला होता. एलिसेओंनी नवा पत्रा बांधला. तोही गेला, जागी वाळलेली मेस्कीटची शेंग.

"व्यापारी," डोन्या चायो म्हणाल्या.

मुळांच्या बेचक्यात काट्याकुट्यांचा एक ढीग होता. त्यात राहणाऱ्या उंदराला गाव व्यापारी म्हणतं, कारण तो चकाकतं ते उचलतो, पण फुकट कधी घेत नाही. बदल्यात काहीतरी ठेवतोच. एलिसेओंना त्याचा राग आला, पण आतून थोडा आदरही वाटला. जिल्हा कार्यालयात इतक्या वर्षांत कोणी पोच दिली नव्हती. त्यांनी तिसरा पत्रा तारेनं उंच बांधला आणि व्यापाऱ्याची नोंद केली: कायम रहिवासी, एक.

तीस जानेवारीला नमुना भरून झाला. एलिसेओंनी तो घरात मोठ्यानं वाचून दाखवला. कायम रहिवासी: एकसष्ट. हिवाळी पाहुणे: दोनशे बारा, उत्तरेकडून येतात, गुबगुबीत, पांढऱ्या टोप्या, एप्रिलपर्यंत मुक्काम. वाटसरू: एकोणीस. राहण्याची व्यवस्था: काही ढोलीत, काही जमिनीवर. पाण्याची सोय: झऱ्यावर, उघड्यावर, एकत्र अंघोळ करतात. शौचाची सोय: सगळीकडे. गोंगाट: सूर्योदयापूर्वी फार. क्रमांक दिलेल्या जागा: सत्तावन्न.

"झकास," ओफेलिया म्हणाली. "पण पक्षी हा शब्द कुठे आला नाही."

"ओफे, तसा रकानाच नाही. आणि टोप्या, ढोल्या, हे वाचून कोणालाही कळेल."

कोणालाही कळलं असतं. पण कागद कोणाहीकडे गेला नाही, तो आरोग्य खात्याकडे गेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दरीत अकरा निळे संडास आले. ट्रक आला, ते ओळीनं ठेवले, एका कागदावर एलिसेओंची सही घेतली आणि ट्रक गेला. एलिसेओ बघत राहिले. वाटपळ्या पक्षी धावत आला, एका निळ्या छपरावर चढला आणि शेपटी वर करून चारी बाजूंना बघू लागला. त्यापाठोपाठ एक निरीक्षक आला. त्यानं मोटारीच्या काचेतूनच झाडांवरचे क्रमांक पाहिले, 'जागा: सत्तावन्न, खरं आहे' असं लिहिलं, आणि काच न उतरवता निघून गेला.

"सरकारनं आपली दखल घेतली," एलिसेओ घरी म्हणाले, पण आवाज जरा खोल गेला होता.

"चिमण्यांसाठी संडास?" ओफेलिया म्हणाली. "म्हाताऱ्या, काहीतरी चुकलंय."

काय चुकलं ते महिनाअखेरीस आलेल्या पत्रानं सांगितलं. 'आपल्या मोलाच्या माहितीवरून असं दिसतं की सदर जागेवर दोनशे बारा हिवाळी पाहुणे अतिशय हलाखीत राहत आहेत. सबब मूळ योजनेतील चाळीस मोटारींचा तळ वाढवून दोनशे बारा मोटारींचा करण्यात येत आहे. त्यासाठी सदर झाडासह सर्व वृक्ष काढण्यात येतील. सहकार्याबद्दल आभार.'

एलिसेओंनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग ते पाटीसमोर जाऊन उभे राहिले. झाड वाचवायला गेले आणि त्याच्या मरणाचा कागद स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, कोरा रकाना न ठेवता लिहून दिला! ओफेलियानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ती एखादा टोमणा मारायची. या वेळी तिनं मारला नाही, आणि त्यावरूनच एलिसेओंना प्रकरण किती गंभीर आहे ते समजलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी ते तिथं हजर होते.

"बाई, ते पाहुणे माणसं नाहीत. चिमण्या आहेत."

मिसेस टँकर्सलींनी नोंदवही उघडली. "इथं हिवाळी पाहुणे लिहिलंय."

"हिवाळी पाहुण्याच आहेत त्या. पण चिमण्या!"

"मग बरोबरच आहे की. चुकीचं काय लिहिलंत?"

एलिसेओंनी वाकून नोंदवहीत पाहिलं. खरंच, चुकीचं काही लिहिलं नव्हतं.

"दुरुस्ती करायची तर नमुना बारा," बाई सौम्यपणे म्हणाल्या. "तो जुलै ते सप्टेंबर. तोवर कागदावर ते हिवाळी पाहुणेच. मी काय करू, मिस्टर ब्राकामोन्ते? शिक्का पडलाय."

बाहेरच्या पायऱ्यांवर गुंडर वाट बघत होता, जुन्या सवयीनं घडीच्या खुर्चीत. एलिसेओंनी सगळं सांगितलं. गुंडर आधी खिन्न झाला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक तेज चढू लागलं. असं तेज एलिसेओंनी आजवर फक्त पहिल्या ओळखीच्या वेळी पाहिलं होतं.

"शिक्का पडलाय म्हणालास?"

"पडलाय."

"कागदावर त्या हिवाळी पाहुण्या आहेत?"

"आहेत."

"मग त्यांना जागेवरून हलवायचं तर," गुंडर खुर्चीतून उठून उभा राहिला, "कलम चौदा!"

दोघं पुन्हा आत गेले. मिसेस टँकर्सलींनी कलम चौदा वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. कलमात 'माणूस' हा शब्द कुठेही नव्हता; तो लिहायची गरज गुंडरलाही तेव्हा वाटली नव्हती. बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "दोनशे बारा पत्रं," त्या म्हणाल्या. "नोंदणीकृत. हातात द्यायची. झालं माझं."

जिल्हा कार्यालयाला दोनशे बारा पत्रं तयार करायला किती वेळ लागावा? पाकिटं आली तर चिकटा संपला, चिकटा आला तर सहीचे साहेब रजेवर गेले. मार्च गेला, एप्रिल गेला. गुंडर चाकांवरचं घर घेऊन मिनेसोटाला गेला. जाताना एलिसेओंचा कंगवा मागून घेऊन गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात पत्रांची पिशवी सांता ब्रिहिदाच्या टपाल कार्यालयात पोचली. प्रत्येक पाकिटावर पत्ता असा: 'हिवाळी पाहुणा क्रमांक अमुक, मुक्काम सायकमोर, गारांबुयो दरी.' नव्या पोस्टमननं तो वाचला, पिशवी उचलली आणि सरळ एलिसेओंच्या अंगणात आणून ठेवली. "डॉन एलिसेओ, हा पत्ता फक्त तुम्हाला माहीत," तो म्हणाला. "साहेबांनी एका दिवसापुरतं तुमच्या नावाचं परवानगीपत्र दिलंय."

एलिसेओंनी जुना गणवेश काढला. पोटावरचं बटण लागेना, तेवढं सोडलं. नवा कंगवा खिशात टाकला. ओफेलियानं बुरितो बांधून दिला.

"समज, कोणी नसलं तर?" तिनं विचारलं.

त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. चौतीस वर्षांत एकही पत्र परत नाही.

"जाऊन बघतो," ते म्हणाले.

सायकमोरला नवी पानं फुटली होती. झरा चालू होता. सुतार बोलत होता, तुरेवाला बोलत होता, कड्यावरून रेनचे सूर पायऱ्या उतरत होते. पण झऱ्याकाठी एकही पांढरी टोपी नव्हती. एलिसेओंनी पिशवी उघडली आणि रिवाजाप्रमाणे पहिलं नाव पुकारलं: "हिवाळी पाहुणा क्रमांक एक!" दरीनं ते दोनदा परत ऐकवलं. त्यांनी एकदाही कंटाळा न करता दोनशे बारा वेळा पुकारलं. घसा बसला. त्या मोकळ्या जागेत स्वतःचा आवाज ऐकताना त्यांना हसूही आलं नाही आणि लाजही वाटली नाही. नोकरीत असताना जसं मन लावून काम करत, तसंच ते करत होते.

मग ते झाडाखाली बसले, बुरितो खाल्ला आणि पेन काढलं. 'पत्ता सापडत नाही' असं लिहायचा प्रश्नच नव्हता. पत्ता सापडला होता, पाठीला टेकला होता. त्यांनी पहिल्या पाकिटावर लिहिलं, 'मुक्काम बरोबर. पाहुणे उत्तरेला गेले. ऑक्टोबरात परततात.' सगळं खरं. पण पत्र परत जाणार होतं, हेही खरं. पाटी उतरवावी लागणार होती. त्यांनी वर झाडाकडे पाहिलं आणि त्यांना जाणवलं की आपल्याला त्याचं वाईट वाटत नाहीये. पाटी काय, पितळेची होती.

लिहिता लिहिता दुपार टळली. शेवटी गठ्ठे मोजले तर एकवीस गठ्ठे आणि एक सुटं. दोनशे अकरा. पुन्हा मोजले, दोनशे अकराच. एलिसेओंच्या हातून मोजणीत चूक होत नाही. त्यांनी पिशवी झाडली, बुरितोचा कागद झाडला. मग बसल्या दगडामागे त्यांचं लक्ष गेलं. क्रमांक सत्तेचाळीसचं पत्र जिथं ठेवलं होतं तिथं चोयाचा एक टवटवीत तुकडा होता. आणि मुळांच्या बेचक्यातल्या ढिगातून पाकिटाचा एक कोपरा, लाल शिक्क्यासकट, हळूहळू आत सरकत होता.

त्यांनी ते ओढून काढलं नाही. एकदा स्वीकारलेलं पत्र पोस्टमननं परत मागायचं नसतं. त्यांनी पोचपावती काढली आणि प्रामाणिकपणे भरली. 'पत्र क्रमांक ४७: बटवडा झाला. कोणी स्वीकारलं: शेजारी, कायम रहिवासी. सही: दिली नाही. सोबत: उत्तर.' कंगव्यानं चोया उचलून त्यांनी पावतीला टाचला.

जूनमध्ये जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. एलिसेओंनी ते ओफेलिया आणि डोन्या चायोंसमोर मोठ्यानं वाचलं. दोनशे अकरा पाहुणे परत येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, ते आल्यावर त्यांना नव्यानं पत्रं पाठवण्यात येतील, आणि ती पोचल्यावर पुढे नव्वद दिवस. पाहुणा क्रमांक सत्तेचाळीस यांच्या वतीनं आलेलं उत्तर उघडताना मिसेस टँकर्सली यांच्या बोटाला इजा झाली. सबब ते हरकत म्हणून दाखल करून घेण्यात आलं आहे. हरकतीची सुनावणी पूर्ण होईपर्यंत झाडाला हात लावता येणार नाही. सुनावणी नऊ नोव्हेंबरला असून सोबतचं निमंत्रण हरकतदारास हातोहात पोचवावं.

"नव्वद दिवस," ओफेलिया बोटं मोजत म्हणाली. "ऑक्टोबरात येणार, पत्रं मार्चपर्यंत निघणार नाहीत, आणि एप्रिलात त्या परत जाणार."

"दर वर्षी," एलिसेओ म्हणाले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," डोन्या चायो म्हणाल्या. त्या तेव्हा असं काहीच म्हणाल्या नव्हत्या, पण ब्याऐंशीव्या वर्षी एवढं चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिसेओ गणवेश चढवून, कंगवा आणि बुरितो घेऊन दरीत गेले. निमंत्रणाचं पाकीट त्यांनी सायकमोरच्या मुळाशी, ढिगाच्या दारात, पत्ता वर करून ठेवलं. मग चार पावलं दूर जाऊन दगडावर बसले आणि ढिगाकडे पाठ केली. पत्र दिल्यावर माणूस वाचत असताना त्याच्याकडे बघत उभं राहू नये, हा टपाल खात्यातला पहिला धडा. वर कड्यावरून रेनचे सूर उतरू लागले. पाठीमागे कागद खुसपुसला. एलिसेओंनी बुरितो उलगडला आणि मागे वळून न बघता हात मागे केला. तळहातावर काहीतरी ठेवलं गेलं. ती मेस्कीटची शेंग होती.

पितळी पाटी अजून भिंतीवर आहे. फक्त एलिसेओंनी ती आपल्या हातानं आणखी चार बोटं खाली आणली आहे, आणि तिच्या चौकटीत ती शेंग खोचली आहे.